आईनं धीरानं निरोप दिला

बाबा गेले तेव्हा सकाळचे नऊ वाजले होते आणि आमच्या दाना ओलीच्या गल्लीत धुकं इतकं दाट होतं की समोरच्या घराची गॅलरी दिसत नव्हती. ग्वाल्हेरला जानेवारीत कधीकधी आठ-आठ दिवस ऊन पडत नाही. खालच्या मजल्यावरचे डॉक्टर पायजम्यावर स्वेटर चढवून वर आले, त्यांनी नाडी पाहिली, डोळ्यांत टॉर्च मारला आणि मान हलवली. मी कपाट उघडलं आणि देहदानाचा फॉर्म बाहेर काढला.

फॉर्म दोन वर्षांपूर्वीचा होता. बाबा चौतीस वर्षं एका कॉलेजात प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेत सहायक होते. बेडूक बेशुद्ध करायचे, मेणाच्या ट्रेमध्ये पाठीवर झोपवून चारी पायांना टाचण्या लावायच्या आणि पोरांसमोर ठेवायचे, हे त्यांचं काम. पुढे बेडूक बंद झाले, चार्ट आले, बाबा निवृत्त झाले. फॉर्म भरताना ते मला म्हणाले होते, "हजारो बेडूक दिले मी कापायला. एकालाही विचारलं नाही. आता एक माणूस तरी विचारून देतो." ते हसत होते. मीही हसले आणि सही केली. बंगळूरचा माझा धाकटा भाऊ तेव्हा सुट्टीवर आला होता, त्यानंही सही केली. आई त्या आठवड्यात इंदूरला तिच्या बहिणीकडे होती. "आईला मी सांगतो सावकाश," बाबा म्हणाले. त्यांनी सांगितलं की नाही, हे मी कधी विचारलं नाही. विचारलं असतं तर उत्तर काय येणार हे मला माहीत होतं.

तर त्या सकाळी आई बाबांच्या उशाशी बसून शेजारच्या काकूंना सांगत होती की गुरुजींना फोन करा, तुळस खाली अंगणातून आणा. मी तिच्याजवळ जाऊन बसले आणि सांगितलं.

"कुठला फॉर्म?" ती म्हणाली.

मी दाखवला. तिनं चष्मा लावला, पूर्ण वाचला. हिंदीत होता. खाली माझी सही होती तिथे तिचं बोट थांबलं.

"मला विचारलं नाहीत तुम्ही."

"बाबा सांगणार होते, आई."

"मी तुला बोलतेय."

मी बंगळूरला फोन लावला होता, तो स्पीकरवर होता. भाऊ रडत होता. रडता रडता म्हणाला, "ताई, बाबांची इच्छा थी ना, तो थी. आता आईला समजव तू. मला फ्लाइट मिळेपर्यंत थांबू नका."

अकराच्या सुमारास गाडी आली. दोन माणसं स्ट्रेचर घेऊन जिना चढून वर आली. सभ्य होती. चपला बाहेर काढून आत आली. त्यांनी बाबांना उचललं तेव्हा आई उठून उभी राहिली आणि अगदी साध्या आवाजात, भाजीवाल्याशी बोलावं तशा आवाजात म्हणाली, "त्यांना नव्हतं जायचं. मला बोलले होते ते."

त्या माणसांना मराठी येत नव्हतं, पण काहीतरी बिनसलंय एवढं कळलं. ते थांबले. त्यांच्यातला वयानं मोठा होता तो मला म्हणाला, "मैडम, घर में सबकी सहमति है ना?"

मी म्हणाले, "जी, है. माँ को सदमा लगा है."

एवढंच एक वाक्य. मी भूगोल शिकवते, वर्गात दिवसाला हजारभर वाक्यं बोलते. त्यांतलं एक विसरता आलं असतं तर मी हे निवडलं असतं. कारण आईला धक्काबिक्का काही बसला नव्हता. तिचे डोळे कोरडे होते, ती नीट उभी होती, आणि तिनं जे सांगितलं ते मी ऐकलं होतं. बाबा कधी बोलले, काय बोलले, एवढं विचारायला अर्धं मिनिट लागलं असतं. मी विचारलं नाही.

स्ट्रेचर दारापर्यंत गेलं तेव्हा आईनं घोंगडीवरून बाबांचं पाऊल धरलं. माणसं पुन्हा थांबली. मी तिची बोटं सोडवली. एकेक करून.

*

गुरुजी चौथ्या दिवशी आले. अंगावर शाल, हातात पंचांग. त्यांनी मार्ग सांगितला, की देह नसेल तर दर्भाचा पुतळा करून त्यावर संस्कार करता येतात, शास्त्रात सोय आहे. आई म्हणाली, "माणूस परदेशात नाही वारला, नदीत नाही वाहून गेला. इथे दोन मैलांवर आहे. असताना पुतळा कशाला जाळू?" गुरुजींनी माझ्याकडे पाहिलं, मी खाली पाहिलं. काही झालं नाही मग. तेरावा झाला नाही, पिंड झाला नाही. भाऊ आला, दहा दिवस राहिला, परत गेला.

आई माझ्याशी कामापुरतं बोलायची. दूध आलं. लाइट चालली गेली. गॅस लावून दे. एकदा मी तिचा हात धरला तर तिनं तो काढून घेतला नाही, नुसता तसाच राहू दिला, एखादी वस्तू ठेवावी तसा.

श्रावणात आमच्या मराठी मंडळाचे कार्यवाह घरी आले. गणेशोत्सवाची स्मरणिका निघणार होती, त्यात बाबांवर लेख हवा होता. "आपल्या समाजात देहदान करणारे किती निघतात? लोकांना प्रेरणा मिळेल," ते म्हणाले. मी चार पानं लिहिली. दोन संध्याकाळी लागल्या फक्त. लेखात दधीची ऋषी होते. मेडिकल कॉलेजातल्या विभागप्रमुखांचं नाव होतं, ते फोनवर जे सांत्वनाचे शब्द बोलले तेही होते. मंडळाच्या शोकसभेत कोण कोण बोललं, त्या पाच जणांची नावं हुद्द्यांसकट होती. बाबांनी मेल्यानंतरही विद्यार्थ्यांना शिकवणं सोडलं नाही, असं एक वाक्य होतं, ते मला स्वतःला फार आवडलं होतं. आणि तिसऱ्या पानावर होतं: आईनं धीरानं निरोप दिला.

*

शुद्धलेखन तपासून घ्यायला मी लेख माझ्या जुन्या ड्रॉइंग मास्तरांकडे नेला. ते जयेंद्रगंजला एका कापडाच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत एकटे राहतात. वय ऐंशीच्या वर, कानात यंत्र. शाळेत त्यांनी मला तीन वर्षं चित्रकला शिकवली आणि माझ्या हाताला काही जमणार नाही हे पहिल्याच वर्षी सांगून टाकलं होतं. निवृत्तीनंतर त्यांच्याकडे शनिवारी चार-पाच जण लिहिलेलं घेऊन बसतात. कथा-कविता आणलेल्या त्यांना चालत नाहीत. "झालेलं लिहून आणा," म्हणतात.

सरांनी लेख वाचला. दोन ठिकाणी ऱ्हस्व-दीर्घ सुधारलं. मग उठले, पलंगाखालून एक पुठ्ठ्याची गुंडाळी काढली आणि त्यातून एका जुन्या कॅलेंडरचं पान. खालच्या तारखा कापून टाकलेल्या होत्या, वरचं चित्र राहिलं होतं. ते त्यांनी माझ्यासमोर टेबलावर पसरलं आणि कडांवर औषधाच्या बाटल्या ठेवल्या.

"हॉलंडमधलं आहे. चारशे वर्षं होत आली. काढणारा तेव्हा पंचविशीतला पोरगा होता. बघ."

मी पाहिलं आणि खुर्ची मागे सरकवली. टेबलावर एक मेलेला माणूस होता. पांढराफटक, कमरेवर एक फडकं. त्याचा डावा हात मनगटापासून कोपरापर्यंत उघडा केलेला, आतल्या लाल दोऱ्या दिसत होत्या. काळी टोपी घातलेला डॉक्टर चिमट्यानं त्या दोऱ्या उचलून दाखवत होता. भोवती सात पुरुष, काळे कपडे, गळ्याशी पांढऱ्या झालरी.

"सर, हे मला आज कशाला दाखवताय?"

"तू भूगोल शिकवतेस ना? नकाशा वाचतेस तसं वाच. हे सात जण कुठे बघतायत, एकेकाचं सांग."

मला उठून जायचं होतं. पण वर्गात विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर द्यायची सवय असते. मी बोट ठेवून एकेक पाहू लागले. हा वरचा आपल्याकडे बघतोय. हाही आपल्याकडे. हा डॉक्टरकडे. हे दोघं पुढे वाकलेत, ते हाताकडे बघतायत असं वाटतं, पण नाही, त्यांची नजर हाताच्या पलीकडे जाते.

"पलीकडे काय आहे?"

चित्राच्या उजव्या कोपऱ्यात, मेलेल्याच्या पायांपाशी, एक मोठं पुस्तक उघडं ठेवलं होतं.

"पुस्तक."

"पुस्तक बघतायत. समोर माणूस उघडा पडलाय आणि ते पुस्तकात बघतायत की पुस्तकात लिहिलंय तसंच आहे का. डॉक्टर कुठे बघतोय?"

"दूर कुठेतरी. कोणीतरी ऐकत असेल तिकडे."

"आणि मेलेल्याच्या तोंडाकडे?"

मी पुन्हा सगळ्यांवरून बोट फिरवलं. "कोणीच नाही."

"कोणीच नाही. आता ह्याच्या हातात बघ." एकाच्या हातात कागद होता, त्यावर बारीक अक्षरं. "नावं आहेत त्यावर. इथे हजर असलेल्या मोठ्या लोकांची. चित्र त्यांनीच काढून घेतलं होतं, आपल्या मंडळात लावायला. मेलेल्याचं नाव त्यात नाही. तो चोर होता. कुणाचा तरी कोट चोरला म्हणून त्याला फाशी दिलं. थंडीचे दिवस होते."

सरांनी माझा लेख उचलला आणि चित्राशेजारी ठेवला. "तुझ्या चार पानांत अकरा नावं आहेत, मी मोजली. सगळी हजर असलेल्यांची. दधीची आहे, ते तुझं पुस्तक. तुझे बाबा कुठेयत यात?"

मला राग आला. मी म्हणाले, "पण मग या चित्रकारानं तरी खरं कुठे काढलंय? मृतदेह असा हातापासून कापत नाहीत सर. पोट आधी उघडतात, ते आधी सडतं म्हणून. हे बाबांनी मला सांगितलंय. यानं हातच काढला कारण तो दिसायला बरा. म्हणजे त्यानंही रचलंच ना?"

सर खूश झाले. त्यांचा चेहरा शाळेतला झाला. "रचलं. रचावंच लागतं. कुणाला कुठे उभं करायचं, काय आधी सांगायचं, हे तुझ्या हातात. अजून एक सांगतो. मी कुठेतरी वाचलंय, हे चित्र यंत्राखाली तपासलं तेव्हा दिसलं की या माणसाचा उजवा हात आधी नुसता थोटा काढला होता. चोरांचे हात तोडत असतील तेव्हा. मग त्यावर हा पूर्ण हात रंगवला. खरं-खोटं देव जाणे. पण समज तसं असेल, तर त्यानं मेलेल्याला हात परत दिला."

"मग तेही खोटंच."

"खोटंच. पण कुणाच्या बाजूनं?"

"मीही तेच केलंय," मी म्हणाले. माझा आवाज चढला होता. "आईला लोकांसमोर लाज वाटू नये म्हणून मी लिहिलं की तिनं धीरानं निरोप दिला. दयेनंच लिहिलं."

सरांना घरची गोष्ट माहीत नव्हती. मी न विचारता बोलून गेले होते. ते माझ्याकडे बघत राहिले.

"नव्हता दिला?"

मी तिसरं पान बाकीच्या पानांखाली सरकवलं.

"त्यानं हात दिला तो मेलेल्याला," सर म्हणाले. "तू धीर दिलास तो कुणाला दिलास, बेटा? आईला की स्वतःला?"

मग त्यांनी चित्रावरची एक बाटली उचलून बाजूला केली. "उजेड बघ कुठे पडलाय. इतके कपडे, इतक्या दाढ्या, पण सगळ्यांत जास्त उजेड याच्या छातीवर आहे. हा पोरगा काढायला बसला मोठ्या लोकांचं चित्र, आणि उजेड दिला त्या चोराला. एवढंच शिकण्यासारखं आहे यात. तुझा लेख वाचताना उजेड कुणावर पडलाय ते बघ."

चित्र त्यांनी गुंडाळून माझ्याकडे दिलं. मला नको होतं ते. मी घेतलं.

*

दोन दिवस मी गुंडाळी पिशवीतून काढलीच नाही. लेख मात्र कार्यवाहांना मोबाइलवर पाठवून दिला, शुद्धलेखन सुधारून, बाकी जसाच्या तसा. त्या वेळी मला वाटत होतं की म्हातारपणी माणसं कठोर होतात.

तिसऱ्या दिवशी शाळेतून आले तर चित्र जेवणाच्या टेबलावर पसरलेलं. आई चाळणी शोधत होती, पिशवीत हात घातला, गुंडाळी निघाली. ती चष्मा लावून वाकून बघत होती. मी दारातच थांबले. आता काय होईल असं मला झालं.

"हा कोण?" ती म्हणाली. बोट मेलेल्याच्या तोंडावर होतं.

"एक चोर होता, आई. जुनं चित्र आहे."

"झाकलं का नाही याला? हे सगळे बघ, गळ्यापर्यंत बंद. टोपी घालून बसलाय एक. म्हणजे थंडी आहे. आणि याच्या अंगावर एवढंसं फडकं." तिनं बोट पुन्हा त्याच्या तोंडावर ठेवलं. "तोंड तर झाकायचं."

त्या चित्रात आठ जिवंत माणसं होती, शिवाय सर, शिवाय मी. त्या माणसाला थंडी वाजत असेल असं पहिल्यांदा आईच्या मनात आलं.

मी खुर्ची ओढून बसले. विचारलं, "आई, त्या दिवशी तू म्हणालीस बाबांना जायचं नव्हतं. काय बोलले होते ते?"

सात महिने झाले होते. तिनं माझ्याकडे पाहिलं, आता कशाला, अशा नजरेनं. पण सांगितलं. चित्राकडे बघत सांगितलं.

बाबा जाण्याच्या आठ दिवस आधी, दुपारी, ती त्यांच्या तळपायांना तेल चोळत होती. मी शाळेत होते. बाबा डोळे मिटून पडले होते. म्हणाले, तिथे फार गार असतं का गं? आईला वाटलं हॉस्पिटलबद्दल म्हणतायत. ती म्हणाली, आता नाही न्यायचं तुम्हाला कुठे. तर म्हणाले, नंतर नेतील. कपाटात एक कागद आहे, तो परत घेता येतो का, ते ताईला विचार. मग म्हणाले, त्या वासात नको वाटतं.

"कुठला कागद ते मला कळलं नाही," आई म्हणाली. "वास कळला. तीस वर्षं मी त्यांचे शर्ट वेगळे धुतले. फॉर्मलिनचा वास बादलीलासुद्धा लागायचा."

"मग मला का नाही विचारलंस?"

"तू त्या दिवसांत ओरडून बोलायचीस. औषधावरून, डायपरवरून. म्हटलं रविवारी विचारीन, निवांत असशील तेव्हा." ती उठली, चित्र गुंडाळायला लागली. "रविवारी त्यांना बोलताच येईना."

मी तिथेच बसून राहिले. माझ्या मनात पहिली गोष्ट काय आली ते लिहायला हवं. मनात आलं, की बाबा ग्लानीत होते, हे काही नकार म्हणून धरता येत नाही. मी माझी वकिली करत होते. दुसरी गोष्ट आली की आई हे आता बनवून सांगत असेल. आणि मग मोरीत कोपऱ्यात वेगळी ठेवलेली ती बादली मला आठवली.

*

दुसऱ्या दिवशी अर्धी रजा टाकून मी मेडिकल कॉलेजात गेले. विभागातले एक प्राध्यापक भेटले, तरुण होते, त्यांनी मला बसवून चहा मागवला. मी विचारलं, देह परत मिळू शकतो का. त्यांनी शांतपणे सांगितलं की आता विद्यार्थ्यांचं काम सुरू झालंय, आणि ज्या स्थितीत आहे त्या स्थितीत घरच्यांना दाखवणं ते योग्य समजत नाहीत. अभ्यास संपल्यावर सगळ्या अवशेषांचं एकत्र, मानानं दहन करतात. तेव्हा कळवतील. त्यांनी फोन नंबर लिहून घेतला. उठताना मी विचारलं, "वहाँ ठंडा रहता है क्या?" त्यांना प्रश्न कळला नाही. मी पुन्हा विचारला नाही.

घरी येऊन लेख फाडला आणि नव्यानं लिहायला बसले. हे काम फार वाईट होतं. प्रत्येक ओळीपाशी मला माझ्या बाजूचं काहीतरी सुचायचं. मी लिहिलं, बाबांना बहुधा भीती वाटली असावी. ते पान सरांकडे नेलं, तर त्यांनी पेन्सिलीनं 'बहुधा' आणि 'असावी' खाली रेघ मारली. "तुला माहीत आहे का?" नाही. "मग तू काय ऐकलंस तेवढंच लिही. ते गार असतं का म्हणाले. पुढचं वाचणाऱ्याला करू दे." मी लिहिलं की त्या क्षणी माझा विवेक सुटला. "विवेक कुठे दिसतो? तू काय केलंस?" मी लिहिलं, मी आईची बोटं एकेक करून सोडवली. सरांनी मान खाली घातली आणि पुढचं पान उलटलं. मी एकदा चिडून म्हणाले की यात माझ्याबद्दल चांगलं काहीच उरत नाहीये. ते म्हणाले, "तू रचतेयस ना? मग तुझ्यावर कमी उजेड पाड. सुटशील असं नाही, पण मधे मधे येणार नाहीस."

विभागप्रमुख गेले, शोकसभा गेली, दधीची गेले. चार पानांची अडीच झाली.

ती मी आईला वाचून दाखवली. दुपारी, खिडकीपाशी. मला भीती होती की ती रडेल. ती मास्तरणीसारखी ऐकत होती. दोनदा थांबवलं. "तेल खोबरेल नव्हतं. सरसोंचं होतं, थंडीत खोबरेल गोठतं." मी खोडलं. आणि दुसऱ्यांदा, जिथे मी लिहिलं होतं की आई दुःखानं बधिर झाली होती. "मी बधिर नव्हते. मी नीट बोलले होते. तुम्ही कोणी ऐकलं नाही." मी तेही खोडलं आणि तिनं सांगितलं तसं लिहिलं.

*

कार्यवाहांनी नवा लेख दुसऱ्याच दिवशी परत केला. फूलबागेजवळ मंडळाची बैठक होती, तिथे बोलावून बाजूला घेतलं. "ताई, चांगलं लिहिलंय तुम्ही. पण हे वाचून कोण फॉर्म भरेल? आणि घरातली गोष्ट इतकी उघड कशाला? वहिनींचा तरी विचार करा." मी म्हटलं, आईला वाचून दाखवलंय. त्यांना ते पटलं नाही. शिवाय पहिला लेख छापायला गेला होता. तो मीच पाठवला होता.

स्मरणिका आली. गुळगुळीत कागद, बाबांचा फोटो, अकरा नावं. शेजारच्या काकूंनी कौतुकानं आईला आणून दिली. तिसऱ्या पानावर आई थांबली, ओळीवर बोट ठेवलं आणि मला विचारलं, "ही कोण बाई?"

मी म्हणाले, "मी लिहिलेली."

तिनं स्मरणिका मिटून वर्तमानपत्रांच्या गठ्ठ्यावर ठेवली. रद्दीत ती गेली की नाही, मला माहीत नाही. मंडळातल्या अडीचशे घरांत मात्र ती आहे. अजूनही फूलबागेत फिरायला गेलं की कोणीतरी थांबतं आणि म्हणतं, तुमच्या आईंचा धीर खरंच मोठा. मी सुरुवातीला खुलासा करायचे. आता मान हलवते.

पुढच्या वर्षी होळीनंतर कॉलेजातून फोन आला. सकाळी दहाला दहन होतं. मी आईला विचारलं, येशील का? ती आधीच साडी बदलायला उठली होती.

विद्युतदाहिनीपाशी पांढऱ्या कापडात बांधलेली सात गाठोडी एका ओळीत ठेवली होती. तेच प्राध्यापक होते, आठ-दहा विद्यार्थी होते, फुलं होती. एक मुलगी रडत होती. आईनं ओळीवरून नजर फिरवली आणि विचारलं, "यांत ते कुठले?" मी हिंदीत विचारलं. प्राध्यापक म्हणाले की नक्की सांगता येणार नाही, आणि त्यांनी हात जोडले. त्यांनी खोटंच एक गाठोडं दाखवलं असतं तरी आम्हाला कळलं नसतं.

आईनं बटव्यातून गंगाजलाची लहान लोटी काढली. सातही गाठोड्यांपाशी वाकली. तिचे गुडघे दुखतात, प्रत्येक वेळी वाकायला, उठायला मला धरावं लागत होतं. सात वेळा. ती काही पुटपुटत नव्हती. प्रत्येकाच्या डोक्याकडची बाजू कुठली, ते विद्यार्थ्यांना विचारून पाणी घालत होती.

ऑटोनं घरी आलो. आईनं अंघोळ केली, मी वरण-भात लावला. जेवून झाल्यावर ती तिथेच बसून राहिली. मला वाटलं, आता काहीतरी बोलेल बाबांबद्दल.

"माझ्यासाठी कुठे काही भरलंयस का तू?" ती म्हणाली.

"नाही, आई."

"सही वगैरे?"

"नाही. तुला विचारल्याशिवाय कसं भरीन?"

ती माझ्याकडे बघत राहिली. तिला मला खोटं पाडायचं नव्हतं, पण तिचा विश्वासही बसला नव्हता. मी उठले, कपाटातली कागदांची फाईल काढली आणि तिच्यासमोर ठेवली. तिनं चष्मा पुसला, लावला आणि पहिल्या कागदापासून वाचायला सुरुवात केली. लाइटची बिलं, रेशन कार्ड, बाबांच्या पेन्शनची कागदपत्रं, माझ्या डिग्र्या. ती घाई करत नव्हती. प्रत्येक कागदाची मागची बाजूही पाहत होती. मी समोर बसून राहिले, ती शेवटच्या कागदापर्यंत पोचेतो.